तुलना गटातली दोन अंडी

जगात अन्याय दोन प्रकारचे असतात, असं मुद्देसूदचं मत होतं. एक, जे सगळ्यांवर होतात. आणि दुसरे, जे फक्त त्याच्यावर होतात. पहिल्या प्रकाराबद्दल त्याला सहानुभूती होती. दुसऱ्या प्रकारासाठी त्याच्याकडे दोनशे पानी वही होती आणि ती सत्राच्या मध्यावरच भरत आली होती.

त्याचं खरं नाव विद्यापीठात फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. "मुद्दा असा आहे की" हे चार शब्द पुढे लावल्याशिवाय त्याला कुणाकडे साधं मीठही मागता येत नसे, म्हणून वसतिगृहानं एकमतानं त्याचं बारसं केलं होतं. त्याही नावाबद्दल वहीत एक नोंद होती.

तर मुद्दा असा होता की सत्राचे आठ आठवडे उरले होते आणि खिशात दोन आठवड्यांचं जेवण उरलं होतं. मधल्या काळात त्यानं एक जुनी सायकल घेतली होती आणि तीन दिवसांनी ती दुसऱ्या कुणीतरी घेतली होती, न विचारता. वडिलांना सांगायची सोय नव्हती. वडील मागच्याच फोनवर शांतपणे म्हणाले होते, "पुन्हा पैसे मागायचे असतील तर जरूर माग. फक्त परतीचं तिकीट काढून मग माग. काका दुकानात माणूस शोधतोय." काकांचं दुकान कमोडचं होतं. भिंतीला टेकून रांगेनं मांडलेल्या पांढऱ्याशुभ्र कमोडांमध्ये आपण उभे आहोत आणि गिऱ्हाईक "जरा बसून बघू का?" असं विचारतंय, हे चित्र मुद्देसूदला भर वर्गात दिसायचं आणि त्याच्या घशातला घास आतल्या आत थांबायचा. म्हणजे घास असला तर.

अशात ग्रंथालयाच्या फळ्यावर सूचना लागली. आहारशास्त्र विभागाला निरोगी स्वयंसेवक हवे होते. सहा आठवडे, तिन्ही वेळचा आहार मोफत.

सहा आणि दोन आठ. इतकं जुळणारं गणित मुद्देसूदला शाळेतही कधी मिळालं नव्हतं. सूचनेच्या तळाशी "निवडक स्वयंसेवकांना" असंही लिहिलं होतं, पण बारीक अक्षरात. भुकेल्या माणसाची नजर मोठ्या अक्षरांवरच टिकते. त्यानं त्याच दुपारी खानावळीतलं नाव काढून टाकलं.

खानावळ चालवणारे मामा गल्ल्यावर बसून चमचे पुसत होते. चमचे पुसायला माणसं होती, पण मामांना ती पुसलेली पटत नसत.

"नाव काढतोस? जेवण आवडत नाही का?"

"तसं नाही मामा. मुद्दा असा आहे की मला सहा आठवडे शास्त्रीय आहार मिळणार आहे. पीठ असतं म्हणे, पाण्यात कालवून घ्यायचं."

मामांनी चमचा खाली ठेवला. "बाळा, मी बावीस वर्षं पोरांना जेवू घालतोय. पीठ खाऊन मोठी झालेली एकच गोष्ट मी पाहिली आहे, ती म्हणजे घूस."

मुद्देसूदनं हे शास्त्राविषयीचं अज्ञान म्हणून सोडून दिलं.

अर्ज चार पानी होता. त्यात "सध्याचा रोजचा आहार" असा एक रकाना होता. खानावळ सोडल्यापासूनचं मुद्देसूदनं प्रामाणिकपणे "काळा चहा, पाव, केळं (असल्यास)" एवढं लिहिलं आणि शेजारच्या खोलीतल्या आजोबांना दाखवलं. आजोबा वयानं तिशीतले होते, पण त्यांच्या प्रबंधाचं नववं वर्ष चालू होतं आणि या वास्तूत त्यांच्याइतके अर्ज कुणी भरले नव्हते. त्यांनी कागद दोन बोटांत धरला, मेलेल्या पालीसारखा.

"हे काय आहे?"

"खरं आहे."

"तेच म्हणतोय. अर्जात खरं लिहितात का? त्यांना निरोगी माणूस हवाय. केळं, कंसात असल्यास! हा माणूस प्रयोगाआधीच मरेल असं वाटतं. लिही, सकाळी दोन उकडलेली अंडी, पेलाभर दूध, एक सफरचंद. दुपारी भात, डाळ, दोन भाज्या. संध्याकाळी मूठभर बदाम."

"बदाम?"

"लिहायला पैसे पडतात का? आठवड्यातून दोनदा मासेही लिही. आणि झोपताना पुन्हा दूध. शेवट गोड असावा."

मुद्देसूदनं लिहिलं. लिहिता लिहिता त्याचं पोट भरल्यासारखं झालं.

अर्ज द्यायला सोबत म्हणून त्याचा खोलीमित्र शेठ आला. शेठच्या वडिलांचा गाद्यांचा धंदा होता आणि दर महिन्याला इतके पैसे येत की ते मोजायचा शेठला कंटाळा यायचा. आला आहे तर भरू अर्ज, म्हणून त्यानंही भरला, मुद्देसूदच्याच अर्जावरून उतरवून. कंटाळ्यापोटी माणसं लग्नं करतात, अर्जाचं काय!

दोघंही निवडले गेले. तीस जण एका प्रयोगशाळेत जमले. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे पीठवाले सर म्हणत, उंच, सडपातळ आणि डोळ्यांत पाणी येईल इतके उत्साही होते. त्यांनी अकरा वर्षं खपून एक पीठ सिद्ध केलं होतं. भोपळा, गाजर आणि चार कडधान्यं. दिवसातून तीनदा गरम पाण्यात कालवून घेतलं की दुसरं काही लागत नाही. बाहेर व्हरांड्यात भोपळ्यांची पोती छतापर्यंत लागली होती.

"आता चिठ्ठ्या काढू," सर म्हणाले. "पंधरा जण प्रयोग गटात, ते फक्त पीठ खातील. पंधरा जण तुलना गटात."

"तुलना गट काय खाईल, सर?" मुद्देसूदनं विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच 'मुद्दा' नव्हता.

"काहीच नाही."

तीस माना एकदम वर झाल्या.

"म्हणजे आमच्याकडून काही नाही," सर हसले. "ते आपलं नेहमीचंच खातील. अर्जात लिहिलंय तेच, तसंच, तितकंच. नाहीतर तुलना कशाशी करणार?"

काचेच्या चंचुपात्रात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. शेठनं न बघता एक उचलली आणि त्याला पीठ मिळालं. मुद्देसूदनं डोळे मिटून, आईवडिलांचं स्मरण करून, तळातली एक उचलली आणि त्याला तुलना मिळाली. ज्याला चार वेळचं परवडतं त्याला तीन वेळचं फुकट, आणि ज्याला एक वेळचं परवडत नाही त्याला स्वखर्चानं बदाम. वहीत ही नोंद करताना पेनची निब वाकली.

तरीही त्याला वाटलं, लिहिलंय खरं, पण बघायला कोण येतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर टकटक झाली. दारात विभागाच्या कारकून होत्या. काखेत लांबलचक नोंदवही, हातात छोटा तराजू. त्यांचं जग रकान्यांचं होतं. ज्याला रकाना आहे ते आहे, ज्याला नाही ते झालंच नाही. त्यांना रकानेबाई म्हणत, आणि त्यांना ते नाव मान्य होतं, कारण नावाच्या रकान्यात ते मावत होतं.

"सफरचंद," रकानेबाई म्हणाल्या.

"बाई, मुद्दा असा आहे की..."

"सफरचंद आधी. मुद्द्याला रकाना नाही."

त्या आठवड्यातून तीनदा, कुठल्याही सकाळी, न सांगता येणार होत्या. त्यामुळे रोज सातच्या आत टेबलावर दोन अंडी, दूध, सफरचंद आणि वाटीत झाकलेले बदाम हजर असणं भाग पडलं. मुद्देसूद आयुष्यात पहिल्यांदा राजासारखा जेवू लागला, आणि प्रत्येक घासाला त्याचा जीव तीळतीळ तुटू लागला. सोललेल्या अंड्याकडे तो अशा नजरेनं बघायचा की अंड्यालाही अपराधी वाटावं. मासळीवाली बाई तर त्याला ओळखायला लागली. "काय साहेब, आज मोठा देऊ?" ती विचारायची. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी साहेब म्हटलं, तेही दिवाळं निघत असताना.

दोन आठवड्यांचे पैसे सहा दिवसांत संपले. सातव्या दिवशी तो विभागात गेला.

"मला प्रयोग सोडायचाय."

रकानेबाईंनी वही उघडली. "कारण? आजारपण, स्थलांतर, विवाह, मृत्यू."

"परवडत नाही."

"तो रकाना नाही."

"मग काढा ना नवा! बाजूला एवढी जागा आहे."

"तो समास आहे," त्या दुखावून म्हणाल्या. "नवा रकाना समितीच काढू शकते. समिती सत्रातून एकदा बसते. विनाकारण सोडलंत तर तपासण्यांचा सगळा खर्च वसूल होतो. पत्र थेट पालकांना जातं, छापील असतं."

छापील पत्र, वडिलांच्या हातात. त्यात खर्चाचा आकडा आणि सोबत पुरावा म्हणून आहाराचा तक्ता. वडील चष्मा कपाळावर चढवून मोठ्यानं वाचतायत, "बदाम?" आणि मागे कमोडांची शुभ्र रांग. मुद्देसूद उठला, आणि 'विवाह' या रकान्याचा त्यानं जिन्यात क्षणभर गंभीरपणे विचार केला.

खोलीवर आला तर शेठ वाडग्यासमोर बसून रडत होता. प्रकरण डोळे पाणावण्यावर थांबलं नव्हतं, शेठ चक्क हुंदके देत होता.

"ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं रे," तो म्हणाला. "सकाळी पुठ्ठा, दुपारी पुठ्ठा. काल स्वप्नात मी एक खोकं खाल्लं आणि मला ते आवडलं. तू तिकडे अंडी सोलतोस, आणि मी इकडे... तुला काही वाटतं का?"

मुद्देसूदला खूप वाटलं. त्याच्या मते इतिहासातले सगळे मोठे तह असेच, दोन उपाशी माणसांनी एका टेबलाशी केले असणार. पाच मिनिटांत ठरलं. अंडी, दूध, मासे, बदाम शेठच्या पैशानं येतील. रकानेबाई मोजून गेल्या की ते शेठ खाईल आणि शेठचं पीठ मुद्देसूद खाईल. विभागानं दिलेल्या आहारवह्यांत दोघं आपापलं लिहितील.

"यात फसवणूक नाही ना?" शेठनं अंड्याला मीठ लावत विचारलं.

"मुद्दा असा आहे की फसवणूक त्यांनी केली. आपण दुरुस्ती करतोय."

पीठ खरंच पुठ्ठ्यासारखं लागत होतं. पण फुकटचा पुठ्ठा होता. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं आणि अन्यायाच्या वहीत एकही नोंद झाली नाही. इथेच त्याला संशय यायला हवा होता.

पाचव्या आठवड्यात प्रयोग गटातल्या मुलांचे तळहात नारिंगी झाले. म्हणजे थोडी झाक वगैरे नाही. चांगले, पिकलेल्या भोपळ्यासारखे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अपाय काही नाही, गाजर-भोपळ्याचा रंग आहे, खाणं थांबलं की उतरेल. पण पालकांचे फोन येऊ लागले आणि कुणीतरी थेट समितीकडे तक्रार केली. पंधरातल्या चौदा जणांचे हात नारिंगी होते. पंधरावा, शेठ, गोरापान आणि गुटगुटीत दिसत होता. घाबरून त्यानं चित्रकला विभागातून पोस्टरचा रंग आणला आणि रोज सकाळी हातांना लावू लागला.

मुद्देसूदचा रंग मात्र आतून आला होता. दहा दिवस त्यानं हात खिशातून काढले नाहीत. वर्गात हात वर करायचा तर तो कोपर वर करायचा. पण एका सकाळी सफरचंद तराजूत ठेवायला हात बाहेर काढावा लागला, आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते शब्दशः घडलं.

रकानेबाई हाताकडे बघतच राहिल्या. "तुम्ही तर तुलना गटात."

"हो."

"तुमच्या आहारात गाजर नाही. भोपळा नाही." त्यांनी वहीत पुन्हा पाहिलं, आणि तराजू तसाच टाकून धावत गेल्या.

मुद्देसूदनं बॅग भरायला घेतली. अर्ध्या तासात पीठवाले सर धापा टाकत आले, त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले, उजेडात धरले आणि त्याला मिठी मारली.

"बाळा! तू पीठ खाल्लेलं नाहीस!"

मुद्देसूदनं अर्धी भरलेली बॅग पायानं खाटेखाली सारली.

"खाल्लेलं नाहीस, तरी तू नारिंगी! म्हणजे पिठाचा काही दोष नाही! दोष वसतिगृहाच्या पाण्याचा आहे. अकरा वर्षं, बाळा, अकरा वर्षं!" आणि सरांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. ज्या माणसाला आपण फसवलं त्यानं आपल्याच खांद्यावर डोकं ठेवून रडावं, याहून मोठा अन्याय मुद्देसूदवर आजवर झाला नव्हता.

प्रयोगाचे बेचाळीस दिवस पुरे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी समिती बसली. लांब टेबल, हिरवं कापड, मध्यभागी अध्यक्षबाई. कोपऱ्यात रकानेबाई वही उघडून. बाकांवर सगळे स्वयंसेवक. मामा पांढरा सदरा घालून चहाचा ट्रे घेऊन भिंतीशी उभे होते. समितीचा चहा खानावळीतूनच जायचा.

पीठवाल्या सरांनी मुद्देसूदला उभं केलं. "हा आमचा आदर्श साक्षीदार. रोज दोन अंडी, दूध, सफरचंद, बदाम. पिठाला स्पर्श नाही. हात दाखव, बाळ."

मुद्देसूदनं हात दाखवले. समितीत कुजबुज झाली.

अध्यक्षबाई कर्तबगार होत्या. निर्णय घ्यायला त्यांना माहिती पूर्ण असावी असं नव्हतं. "म्हणजे पीठ निर्दोष आहे आणि वसतिगृहाचं पाणी दोषी," त्या म्हणाल्या. "उत्तम. खर्चही कमी. एक तारखेपासून खानावळ बंद करा. सगळ्या मुलांना तिन्ही वेळ पीठ. मामा, तुमचं सामान तीस तारखेपर्यंत हलवा."

ट्रेवरचे कप किणकिणले. मामा एवढंच म्हणाले, "माझ्याकडे अकरा माणसं आहेत, बाई. पाणी मी स्वतः उकळून घेतो. रोज."

सगळ्यांनी चहा उचलला.

मुद्देसूद अजून उभाच होता, हात पुढे. बोललो तर वसुली, छापील पत्र, काका, आणि जन्मभर कमोड. नाही बोललो तर शिक्षणाची उरलेली दोन वर्षं पुठ्ठा. नुसता एवढाच प्रश्न असता तर त्यानं पुठ्ठा सहन केला असता. सवय झाली होती. पण मामांनी ट्रेवर सांडलेला चहा खांद्यावरच्या फडक्यानं पुसला, आणि तो नीट पुसला गेला नाही. मामांकडून. जगात काहीतरी फारच बिघडलं होतं, आणि या वेळी अन्याय त्याच्यावर झालेला नव्हता.

"मुद्दा असा आहे की," तो ओरडलाच, "मी पीठ खाल्लंय! पाच आठवडे! तिन्ही वेळ! अंडी यानं खाल्ली!"

बाकावर शेठनं डोळे मिटून घेतले.

"अशक्य!" पीठवाले सर उठले. "तो प्रयोग गटात आहे. त्याचेही हात नारिंगी आहेत."

अध्यक्षबाईंनी शेठला पुढे बोलावलं, त्याचा हात हातात घेतला आणि निरखून पाहिला. शेठला घाम फार यायचा. बाईंनी हात सोडला तेव्हा त्यांचा स्वतःचा तळवा नारिंगी झाला होता. त्यांनी तो हिरव्या कापडाला पुसला. कापड नारिंगी झालं. मुद्देसूदनं आपला हात आपण होऊन पुढे केला. त्याचा रंग मात्र घासूनही निघाला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा मुद्दा कुणीही खोडू शकलं नाही.

पुढे जे बोललं गेलं ते इतिवृत्तात नाही. पीठ परत अभ्यासाला गेलं, खानावळ राहिली, आणि अध्यक्षबाई कडाडल्या, "या मुलाकडून वसुली करा! पालकांना पत्र पाठवा!"

रकानेबाईंनी पान उलटलं, पुन्हा उलटलं. "वसुलीची कारणं तीन आहेत," त्या म्हणाल्या. "प्रयोग मध्येच सोडला, काच फोडली, तराजू हरवला. यानं सोडलेला नाही. बेचाळीस दिवस पूर्ण."

"दुसऱ्याचं पीठ खाल्लं!"

"तो रकाना नाही."

"मग आत्ता काढा! समिती बसलेली आहे ना?"

"विषयपत्रिकेत रकान्याचा विषय नाही, बाई. ऐन वेळी फक्त शोकप्रस्ताव घेता येतो." रकानेबाईंनी वही मिटली. जाताना त्या मुद्देसूदकडे पाहून हसल्या की नाही, हे सांगता येत नाही. त्यालाही बहुधा रकाना नव्हता.

संध्याकाळी घरून फोन आला.

"पैसे पुरतायत का?" वडिलांनी विचारलं.

"पुरतायत."

"खातोस काय पण?"

मुद्देसूदनं खिडकीतून खानावळीकडे पाहिलं. मामांनी मघाशी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं की हा पोरगा सत्र संपेपर्यंत, पुरे दोन आठवडे, आपल्याकडे फुकट जेवेल, आणि यात चर्चा नको. सहा आणि दोन आठ. गणित शेवटी जुळलंच होतं.

"मिळतंय सगळं," तो म्हणाला.

"काकाला सांगतो मग, दुसरा माणूस बघ म्हणून," वडील म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मुद्देसूद ताठ मानेनं खानावळीत गेला. मुलांनी बाक वाजवले. मामांनी स्वतः ताट वाढलं, काठोकाठ, आणि स्वतः पुसलेला चमचा शेजारी ठेवला.

ताटात भोपळा होता. भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं सार, आणि गोड म्हणून आटवलेला भोपळा.

"मामा," तो हळूच म्हणाला, "मुद्दा असा आहे..."

"अरे, पीठवाल्या सरांची पोती विभागानं आजच्या आज विकायला काढली, जवळजवळ फुकट! चौदा घेतली," मामा आनंदानं म्हणाले. "दोन आठवडे काही बघायला नको. जेव, पोटभर जेव. रंग बघ कसा आहे!"

मुद्देसूदनं रंग बघितला. मग आपला तळहात उघडून ताटाशेजारी ठेवला, वहीत नोंद करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी म्हणून, आणि दुसऱ्या हातानं चमचा उचलला.